घरी, सर

म्हातारीनं हात धरला तो काही विचारून धरला नाही. डॉक्टर लेनमधल्या डोळ्यांच्या दवाखान्यातून पुनम बाहेर आली होती आणि रिक्षाची वाट बघत कडेला उभी होती. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून तपासायला गेली, तर डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करायचं औषध घातलं, वर एक काळा चष्मा दिला आणि सांगितलं, संध्याकाळपर्यंत जवळचं काही दिसायचं नाही, घाबरू नका. नांदेडचं फेब्रुवारीतलं ऊन त्या चष्म्याच्या कडांतून आत शिरत होतं. समोरचा रस्ता सगळा पांढरा झाला होता, आणि त्या पांढऱ्यात मोटारसायकली, केळीचे गाडे, माणसं म्हणजे नुसते हलणारे डाग. "पडशील माय. चल, मी नेते पल्याड," असं कुणीतरी म्हणालं आणि एका खरखरीत, ऊबदार हातानं तिचा पंजा पकडला. "आवो, मला..." एवढंच पुनमच्या तोंडून निघालं, तोवर म्हातारी चालू लागलीही होती. दुसरा हात उंच करून ती गाड्या थांबवत होती, एका मोटारसायकलवाल्याला तिनं झणझणीत शिवी हासडली, आणि गाड्या खरंच थांबल्या. पलीकडं पोचल्यावर तिनं पुनमच्या पाठीवरून हात फिरवला. "जा आता खुशाल. व्हतील डोळे बरे," म्हणाली आणि गर्दीत मिसळून गेली. पुनमला रिक्षा मिळायची होती ती अलीकडच्याच बाजूला.

आधी तिला हसू आलं. दिव्यांग मुलांची फिरती शिक्षिका ती. प्रत्येक पालकसभेत उभं राहून हीच गोष्ट सांगायची, की आधी विचारा, मग हात धरा. आणि आज तिलाच कुणी शेळीसारखं ओढून नेलं तर तिला धड "थांबा" म्हणता आलं नाही. राग यायला हवा होता, पण पाठीवरून फिरलेला तो हात अजून तिथंच होता, ब्लाउजच्या वर, मणक्याजवळ, गरम. इतक्या मायेनं कुणी चुकीच्या बाजूला नेऊन सोडलं तर भांडायचं तरी कुणाशी? ती तिथंच उभी राहिली. रस्त्याच्या त्या बाजूला तिचं काहीही काम नव्हतं. आणि मग लुंबिनीचा हात आठवला, मण्यांच्या डब्यावर ठेवलेला. तो तिला आज आठवायला नको होता, कारण दुपारी मीटिंग होती आणि मीटिंगमध्ये काय बोलायचं ते तिचं केव्हाच ठरलं होतं.

लुंबिनी हिमायतनगरजवळच्या एका गावातली, नऊ वर्षांची पोर. जन्मताना उशिरा रडली, आणि त्या उशिराची शिक्षा पायांना आणि जिभेला मिळाली. डोक्याला मात्र काही म्हणजे काही झालेलं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेची भिंत आणि तिच्या घराची मागची भिंत यांच्यामध्ये एक बैल जेमतेम जाईल एवढंच अंतर. आत दोन खोल्या, वर पत्रे, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी शेजारी, आणि त्यांच्या खाली गोधडीवर, उशांच्या आधारानं बसलेली लुंबिनी. पुनमची स्कूटी गल्लीत वळली की ती "पूऽऽ" अशी हाक मारायची. ती हाक ऐकली की पुनमचा सगळा शीण जायचा. नवऱ्याशी तिचं पटलं नव्हतं, लेकरू झालं नव्हतं, नांदेडच्या भाड्याच्या खोलीत तिची वाट बघणारं कुणी नव्हतं. आणि इथं एक पोर आठवड्यातून दोनदा तिच्या स्कूटीच्या आवाजासाठी कान टवकारून बसायची. ती लुंबिनीचे केस विंचरायची, ताटलीत ज्वारी पसरून तिचं बोट धरून अक्षरं गिरवून घ्यायची, प्लास्टिकच्या डब्यातले रंगीत मणी दोरीत ओवायला लावायची. एक मणी ओवायला पोरीला कधी कधी अर्धी प्रार्थना लागायची. पलीकडं शाळेत प्रार्थना, इकडं मणी. लुंबिनीचं बोलणं पुनमशिवाय कुणाला फारसं उमगत नसे. आईला, बुद्धप्रियाला, अर्धंमुर्धं कळायचं. बाकीच्यांना नुसता घशातला आवाज ऐकू यायचा, मग ते पुनमकडं बघायचे, "काय म्हणून राहिली मॅडम?" आणि पुनम सांगायची. ते सांगताना तिला जे सुख व्हायचं त्याला तिनं कधी नाव दिलं नव्हतं.

लुंबिनीचं नाव त्याच शाळेच्या पटावर होतं. घरी शिकणाऱ्या मुलांची नावं अशी जवळच्या शाळेत असतात. सरकारचं अनुदान त्यावरच तर येतं. प्रार्थना झाली की वैजनाथ सर हजेरी घ्यायचे, मोठ्यानं, खिडकी उघडी. एकेक नाव, एकेक "हजर सर". लुंबिनीचं नाव आलं की सर आधी एकटेच "घरी" म्हणायचे. मग पोरांनी ते उचललं. आता नाव उच्चारायचा अवकाश, सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "घऽऽरी, सर!" त्यात कुचेष्टा नव्हती. पाढ्यासारखं ते त्यांच्या तोंडी बसलं होतं आणि दिवसातून एकदा सगळ्यांनी मिळून ओरडायला मिळतं याची त्यांना मजा यायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पुनमलाही बरं वाटलं होतं. निदान पोरीचं नाव रोज घेतात. मग तिनं लुंबिनीचा चेहरा पाहिला. पोर भिंतीकडं बघत होती. पुढल्या खेपेपासून नाव जवळ आलं की पुनम मण्यांचा डबा उचलून खुळखुळ वाजवू लागली. "कोणता रंग घ्यायचा आपण? लाल का हिरवा?" दोन वर्षं तिनं तो डबा वाजवला. गेल्या भेटीत मात्र डबा उचलला, आणि लुंबिनीनं आपला वाकडा हात, थरथरत, वाटेत एकदा चुकत, आणून त्याच्या झाकणावर ठेवला. "उ...गं," ती म्हणाली. म्हणजे उगी राहा. पुनम उगी राहिली. भिंतीपलीकडून "घऽऽरी, सर!" आलं, अख्खं, स्वच्छ. लुंबिनीनं ते शेवटपर्यंत ऐकलं, मग हात काढला आणि दोरी मागितली.

रिक्षात बसल्यावरही चष्म्याआड तिनं डोळे मिटूनच घेतले. ऑफिसात आज पुढच्या वर्षाचं नियोजन होतं. त्याची रीत अशी की दिव्यांग मुलांच्या शिक्षणासाठी वरून येणारं अनुदान कुठं किती लागणार ते आधी ठरवायचं. त्यासाठी समन्वयक सिद्धेश्वर सर एकेका मुलाचं नाव वाचत, आणि ज्या शिक्षकाचं ते मूल असेल त्यानं एका शब्दात सांगायचं, घरी की शाळेत. घरी म्हटलं की शिक्षिकेच्या घरभेटी मंजूर. शाळेत म्हटलं की घरभेटी बंद. त्याऐवजी मुलाला शाळेत आणणाऱ्या मदतनिसाचा भत्ता. एका शब्दावर एका लेकराचं वर्ष. पहिल्या वर्षी पुनमनं "घरी" म्हटलं ते खरंच होतं. शाळेला तीन उंच पायऱ्या आणि संडासाला दार नाही. दुसऱ्या वर्षापर्यंत शाळेला उतार झाला, संडासाला दार बसलं, लुंबिनीला चाकांची खुर्चीही आली. आपल्या खात्यात वस्तू येतात त्या वरातीमागून घोडं म्हणतात तशा, पण ही चक्क वेळेवर आली. घरात मात्र ती नाकापेक्षा मोती जड झाली. दोन खोल्यांत ती वळेचना. बुद्धप्रियानं तिच्यावर धुणं वाळत टाकायला सुरुवात केली. "तिकडं पोरं ढकलतील वो हिला मॅडम," ती म्हणाली होती, "आन् हिचं बोलनं कोनाला कळंल तिथं?" पुनमनं ते किती पटकन मान्य केलं! मानेचा तोल अजून यायचाय, एक वर्ष जाऊ द्या, असं तिनंच उलट समजावलं. आणि मीटिंगमध्ये "घरी" म्हणाली. स्कूटीवरून परतताना तिला किती हलकं वाटलं होतं ते आता रिक्षाच्या धक्क्यांत तिला लख्ख आठवलं, आणि लाज वाटली.

किल्लारीत, पुनमच्या माहेरी, आत्याही अशीच घरात असायची, खिडकीजवळच्या खाटेवर. शांतम्मा आत्या, वडिलांची, म्हणजे शिवप्पादादांची, धाकटी बहीण. भूकंपात दगडी भिंत कमरेवर पडली तेव्हा तिचं लग्न ठरलेलं होतं. कमरेखालचं सगळं गेलं, लग्नही गेलं. पुनम त्यानंतर पत्र्याच्या शेडमध्ये जन्मली आणि तिनं आत्याला पाहिलं ते खाटेवरच. नवं गाव वसलं, सरळ रुंद रस्ते, एकासारखी एक घरं, आणि आत्याला उचलून जे नव्या घरात आणलं ते आणलं. तिच्यावर जीव नव्हता असं कुणी म्हणावं? पहिली भाकरी तिची, रानातला पहिला हुरडा तिचा, दादा तालुक्याला गेले की तिच्यासाठी चिवडा आणायचेच. कुणी पाहुणा मोठ्यानं बोलला तरी आई त्याला दटावायची. एकदा, पुनम सातवी-आठवीत असताना, घरात कुणी नव्हतं तेव्हा आत्या म्हणाली, "पुने, मला चौकापोतर न्हे की गं." पुनम हसली. "आत्या, मी हाय की. तुला काय पायजे ते सांग, मी आणते." आत्यानं खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाली, "चौक पायजे. आणतीस?" पुनमला ती थट्टा वाटली. तिनं ती दादांना सांगितली, आईला सांगितली, सगळे हसले, आत्याही हसली. आत्या गेली तेव्हा पुनम लातूरला कॉलेजात होती. त्यांच्या लिंगायतांत मेलेलं माणूस बसवून नेतात. आत्याला नवं हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर विभूती लावली, फुलांनी सजवलेल्या खुर्चीत बसवलं आणि वाजतगाजत नेलं. चौकात खांदेकऱ्यांनी खांदा बदलायला थांबा घेतला. पिंपळाचा पार, पिठाची गिरणी, जीपगाड्या, चहाच्या टपरीवर उठून उभी राहिलेली माणसं. आणि या सगळ्याकडं तोंड करून आत्या बसली होती, ताठ, डोळे मिटलेले. पुनमनं त्या क्षणी बापाच्या दंडाला इतक्या जोरानं धरलं की वळ उठले. त्यानंतर ती विशेष शिक्षणाच्या अभ्यासक्रमाला गेली. का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि हळूहळू, नोकरीच्या धबडग्यात, ती स्वतःही विसरली.

ऑफिसच्या हॉलमध्ये पंखे फिरत होते आणि सगळे एकमेकांना नेहमीचाच प्रश्न विचारत होते, "मुदतवाढीचा आदेश आला का?" कंत्राटी माणसांचा तो रामराम. शेजारच्या तालुक्यातली उज्वला तिच्यासाठी खुर्ची धरून बसली होती. "आगं बाई, हिरोइन!" चष्मा बघून ती म्हणाली. पुनमला तिचं नाक दिसत नव्हतं, फक्त हसू ऐकू आलं. मग नावं सुरू झाली. घरी. शाळेत. शाळेत. घरी. डोळे जवळचं काही पकडत नव्हते म्हणून असेल, पण आज प्रत्येक शब्द तिला हाताला लागावा इतका जवळून ऐकू येत होता. इथंही हजेरीच चालली होती, फक्त यात लेकरं नव्हती. त्यांच्या वतीनं मोठी माणसं बोलत होती, प्रेमानं, अनुभवानं, घाईनं.

"लुंबिनी आनंदराज," सिद्धेश्वर सर म्हणाले. "हे घरीच ना पुनम मॅडम? गेल्या सालासारखं?"

पुनम उठून उभी राहिली. "सर, थोडं थांबा. मला तिला विचारायचंय."

"कोणाला? आईला?"

"नाही सर. लुंबिनीला."

हॉलमध्ये हसू पसरलं. सिद्धेश्वर सर मात्र हसले नाहीत. भला माणूस, वर्षानुवर्षं वरच्यांची बोलणी खाऊन शिक्षकांना सांभाळणारा. त्यांनी आवाज खाली आणला. "मॅडम, आधी नीट इचार करा. तुमच्याकडं घरी शिकणारी लेकरं आधीच कमी राहिलीत. हे बी गेलं तर वरचे म्हणतील, या मॅडमला लातूरकडं द्या, तिकडं माणूस न्हाई. मग मी काय करू शकणार न्हाई, सांगून ठेवतो."

"येडी का खुळी तू?" उज्वलानं तिच्या पदराला हिसका दिला. "म्हण की घरी, आन् बस खाली."

लातूर. म्हणजे आठवड्यातून दोनदा तर सोडाच, वर्षातून दोनदा तरी त्या गल्लीत स्कूटी वळेल का? तिला ती पोर सोडायची नव्हती, हे तिनं पहिल्यांदाच मनात सरळ शब्दांत म्हटलं. तिनं फोन उज्वलाच्या हातात दिला. "मला आकडे दिसत नाहीत. बुद्धप्रिया नावानं आहे. लाव. आणि आवाज मोठा ठेव."

फोन उचलला गेला. मागं कोंबड्या, भांडी, कुठंतरी दूर शाळेतल्या पोरांचा कालवा. "मॅडम? काय झालं वो? बऱ्या हाव न्हवं?" बुद्धप्रिया घाबरली होती. पुनमनं तिला सांगितलं की फोन लुंबिनीच्या कानाशी धर आणि तू मधे काही बोलू नको. मग श्वास ऐकू आला, तो ओळखीचा, जरा अडखळणारा श्वास.

"पूऽऽ?"

"हाव, मीच. लुंबिनी, ऐक. पुढच्या वर्षी मी घरी येऊन शिकवू, का तू शाळेत जातीस? शाळेत गेलीस तर मी येणार न्हाई. लातूरला जाईन. खरं सांगून राहिले. तुला काय पायजे ते तू सांग."

फोनमधून काहीच येईना. नुसत्या कोंबड्या. तिथं असती तर पुनमनं तिच्या डोळ्यांवरून, मानेच्या हलण्यावरून केव्हाच ओळखलं असतं आणि तिच्या आधी बोलून मोकळी झाली असती. आज तिला चेहरा दिसत नव्हता. इतकी वर्षं ती त्या पोरीच्या जिभेवर बसून होती आणि आज तिला इतरांसारखीच वाट बघावी लागत होती. कुणीतरी खुर्ची सरकवली. मग घशातून एक आवाज उठला, बुडाला, पुन्हा उठला.

"काय म्हणली?" सिद्धेश्वर सरांनी विचारलं.

पुनमला कळलं होतं. शब्द तिच्या ओठांवर आला होता. तिनं तो गिळला. "पुन्हा विचारते, सर. तुम्हीच ऐका." आणि फोनजवळ वाकून म्हणाली, "लुंबिनी, इथल्या लोकांना नीट कळलं न्हाई. पुन्हा सांग."

या वेळी वेळ लागला. पण हॉलमध्ये कुणी हललं नाही.

"जा...ते."

सगळ्यांना कळलं. मागच्या रांगेतल्यांनासुद्धा. सिद्धेश्वर सरांनी घसा खाकरला आणि स्वतःच मोठ्यानं म्हणाले, "शाळेत." मग पुढचं नाव घ्यायच्या आधी त्यांनी ग्लासातलं पाणी पिऊन घेतलं. फोन बंद व्हायच्या आधी मागून बुद्धप्रियाचा आवाज आला होता, कुणाला तरी सांगत होती की खुर्चीवरलं धुनं काढा आधी.

जूनमध्ये आदेश आला तो लातूरचाच. रुजू व्हायच्या आधी एक दिवस, शाळा उघडली त्या सकाळी, पुनम गावात गेली. घराशी न जाता ती सरळ शाळेच्या मागच्या खिडकीशी, त्या बोळात जाऊन उभी राहिली. इकडून तिनं ही हजेरी कधी पाहिलीच नव्हती. वर्गात पहिल्या रांगेच्या कडेला लुंबिनी खुर्चीत बसली होती, निळा गणवेश, दोन वेण्या, एक जरा तिरकी. ती आईनं घातलेली होती, पुनमच्या हातची नव्हे. बुद्धप्रिया दाराजवळ मदतनीस म्हणून बसली होती आणि पदराचं टोक चावत होती. वैजनाथ सरांनी हजेरी सुरू केली. पोरांच्या माना पुस्तकांत, खिडकीबाहेर, एकमेकांच्या कंपासपेट्यांत.

"लुंबिनी आनंदराज."

"घऽऽरी, सर!"

सगळा वर्ग ओरडला. सवय ती, तिला काय ठाऊक की पोर इथंच बसलीय. मग एकाला उमगलं, दुसऱ्याला उमगलं, कुणी जीभ चावली, कुणी फिदीफिदी हसलं. वैजनाथ सरांचा पेन हवेत राहिला. लुंबिनीची मान डुगडुगली, ओठ एका बाजूला ओढले गेले, काहीच बाहेर आलं नाही. सरांचं लक्ष खिडकीकडं गेलं आणि त्यांना पुनम दिसली. नेहमीसारखं त्यांनी भुवया उडवून विचारलं, काय म्हणतेय ही? पुनमच्या खांद्याला पिशवी होती, पिशवीत मण्यांचा डबा होता. लुंबिनीलाच द्यायला आणलेला. तो वाजू नये म्हणून तिनं पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि सरांना मान हलवून नाही म्हटलं. माझ्याकडं नका बघू, तिच्याकडं बघा. सर वळले. पोरंही वळली. पुनमच्या दातांखाली तिची स्वतःची जीभ होती, आणि डोळ्यांत आज कुठलंही औषध नसताना समोरचं सगळं पुसट झालं होतं. मनातल्या मनात ती म्हणत होती, सावकाश माय, सावकाश, आम्ही सगळे थांबलोय.

"ह..." लुंबिनी म्हणाली. तिनं श्वास घेतला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "ह...ज...र."

वैजनाथ सरांनी हजेरीपटावर खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.